बार तुझा, खांदा माझा

मुक्ताबाईला सून आवडली होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. दौंडला जाऊन तिनंच मुलगी पसंत केली होती. मुलीचे वडील तिथल्या राखीव पोलीस दलात हवालदार, आणि मुलगी कॉलेजात असताना एनसीसीत. रायफल खांद्याला लावून जमिनीवर पालथी पडलेल्या सुलक्षणाचा एक फोटो लग्नाच्या रुखवतात आला होता. तो फोटो मुक्ताबाईनं साऱ्या वस्तीला फिरवून दाखवला. "आमच्या सत्यजीतला जपून राहावं लागंल आता," म्हणत पोट धरून हसली. पुढं तोच फोटो भिंतीवरून काढून माळ्यावर टाकावासा वाटला, ती गोष्ट निराळी.

कवठे येमाईच्या पुढं ओढा ओलांडला की खैरमाळ वस्ती लागते. घरं मोजकी. प्रत्येकाची थोडी बाजरी, थोडा कांदा, आणि खाली पाण्याच्या कडेला मका. मक्याच्या पलीकडे ऊस, आणि उसात रानडुकरं. मक्याच्या कणसात दूध भरलं की त्यांना कुठून वास लागतो देव जाणे, पण एका रात्रीत अर्धं वावर आडवं करून जातात. वस्तीवर बंदूक एकच, मुक्ताबाईच्या नवऱ्याची, म्हणजे आनंदराव आबांची. आजोबांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक, शेतसंरक्षणाचा परवाना असलेली. डुक्कर मारायचं तर सतरा परवानग्या, म्हणून त्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. बंदुकीत नुसती दारू आणि चिंधीचा बोळा भरायचा, आणि दिवस मावळला की आभाळाकडे नळी करून एक बार काढायचा. तेवढ्यानं डुकरं उसात परत फिरायची. बिबट्याच्या धाकानं पाय उचलत नसलेली माणसंही त्या आवाजाच्या जोरावर घर गाठायची.

आवाज ऐकला की जो तो म्हणायचा, "आबांचा बार झाला."

आबांनी ती बंदूक चाळीस वर्षांत एकदाही नीट भरली नव्हती, हे फार थोड्यांना माहीत होतं. भरायची मुक्ताबाई.

तिचं माहेर पाबळकडचं. बाप विहिरी खोदणाऱ्या टोळीवर मुकादम होता. खडकात पाडलेल्या भोकात सुरुंगाची दारू कशी ठासायची, कुठं हात हलका ठेवायचा, कुठं दाबायचं, हे तिनं परकरात असताना बघितलेलं. लग्न होऊन आली त्याच्या आदल्याच वर्षी सासरे वारले होते आणि बंदूक खुंटीला नुसती लटकत होती. आनंदराव तेव्हा मिसरूड फुटलेला तरुण. हौसेनं त्यांनी स्वतः बंदूक भरली आणि बांधावर जाऊन चाप दाबला. फुस्स झालं. शेजारच्या दगडोबानं जागेवरून ओरडून विचारलं, "आनंदा, बार काढला का खोकलास रं?" नवरा मान खाली घालून घरी आला तेव्हा नव्या नवरीला ते बघवेना. शिंगाडी, म्हणजे दारू ठेवायचं पोकळ शिंग, कुठं आहे, असं तिनं विचारलं. ती सासूच्या, म्हाळसाबाईच्या, पत्र्याच्या पेटीत निघाली. लुगड्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली. दारू सासूच्या पेटीत कशाला, हे विचारायचं मुक्ताबाईला सुचलं नाही. म्हाळसाबाईनं शिंगाडी काढून दिली, काही बोलली नाही, आणि मग तो सबंध हंगाम बोललीच नाही. भांडी मात्र अशी आपटायची की पलीकडच्या घरातलं पोर दचकून उठावं. मुक्ताबाईला वाटलं, आपल्या भाकरी सासूच्या पसंतीला उतरत नसतील.

त्या संध्याकाळी बार असा झाला की ओढ्यापलीकडच्या कुत्र्यांनी केकाटायला सुरुवात केली. आनंदराव खांदा चोळत स्वयंपाकघराच्या दारात आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बार तुझा, खांदा माझा."

आनंदराव गोड बोलणाऱ्यांतले नव्हेत. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोच्या कालवणाला 'बरं झालंय' याच्यापुढं काही म्हटलं नाही. त्यामुळे हे एक वाक्य मुक्ताबाईनं कुंकवाच्या करंड्यात ठेवावं तसं जपलं. वस्ती खुशाल म्हणो 'आबांचा बार', बार कुणाचा हे आबांना ठाऊक आहे, एवढ्यावर तिचं भागत होतं.

तिचं माप म्हणजे तिचा तळहात. हाताचा खळगा करायचा, त्यात दारू घ्यायची, नळीच्या तोंडातून सोडायची. वरून जुन्या लुगड्याची चिंधी, आणि मग लोखंडी गजानं ठासणं. शेवटी घोड्याखाली तांब्याची बारकी टोपी बसवायची, ती मात्र बार काढायच्या क्षणाला. बंदूक भरलेली आहे का रिकामी, हे गजच सांगायचा. रिकाम्या नळीत गज सोडला की त्याचं टोक बरोबर नळीच्या तोंडाशी यायचं. भरलेली असली की गज चार बोटं वर राहायचा. नळी वर्षानुवर्षं झिजत गेली, आतून सैल झाली, तसा दारूचा जोर बोळ्याच्या कडेनं निसटायला लागला. आवाज कमी होतोय असं वाटलं की मुक्ताबाई खळगा जरा खोल करायची. असा नळी आणि हात यांचा चाळीस वर्षांचा संसार झाला होता, एकीच्या म्हातारपणाला दुसऱ्यानं सांभाळून घेतलेला.

मागच्या निवडणुकीत तालुक्यातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या तशी हीसुद्धा जमा झाली. परत आल्यावर साफ करताना आनंदरावांना नळीच्या मध्यावर फुगवटा हाताला लागला. पुण्याच्या कारागिराकडे नेली तर तो म्हणाला, "बाबा, ही नळी म्हातारी झालीय. एखाद्या दिवशी तोंडावर फुटंल." मग अर्ज झाले, खेटे झाले, आणि जुना दस्ता, जुना घोडा तसाच ठेवून नळी तेवढी नवी बसली. काळीभोर, तेल पाजलेली. मुक्ताबाईनं बंदुकीला हळद-कुंकू लावलं आणि सवयीनं तळहाताचा खळगा केला. तेवढ्यात सुलक्षणा म्हणाली,

"आत्या, जरा थांबा. जुनी नळी झिजल्याली व्हती, तिच्यातनं निम्मा जोर वाया जायचा. ही घट्ट हाय. तुमचं माप हिला जादा हुईल. आधी थोडं थोडं भरून बघाय पायजे."

बोलण्यात खोट काही नव्हती. पण 'जादा' हा शब्द मुक्ताबाईला मिरचीसारखा झोंबला. ज्या हातानं डुकरं पळवली, त्या हाताला कालची पोर जादा म्हणते! ती आनंदरावांकडे बघत राहिली. तिला वाटलं, ते म्हणतील, 'अगं, तिला ठाऊक हाय सगळं.' ते म्हणाले, "पोरीचं खरं हाय. बघू तरी करून."

"मंग तूच भर की," मुक्ताबाई म्हणाली. "मी न्हाई हात लावायची त्या नळीला." आणि शिंगाडी उचलून, आत जाऊन, स्वतःच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवून तिनं कुलूप लावलं. सुलक्षणाला नवी दारू आणून घ्यावी लागली.

मग अंगणात एक नवाच खेळ सुरू झाला. सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत, महिनाभर दुसरी पाळी. घरात संध्याकाळी सासरा आणि सून. सुलक्षणानं माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं. बोळ्यासाठी लुगडं नको म्हणाली, जुन्या घोंगडीतून रुपयाएवढ्या गोल चकत्या कापल्या. पहिल्या दिवशी झाकणाच्या तळाशी जेमतेम दारू घालून बार काढला. टप्प असा आवाज झाला, सायकलची ट्यूब फुटावी तसा. बांधावरून दगडोबा आप्पा ओरडले, "आबा, बार म्हातारा झाला का वो तुमचा?"

त्या रात्री मुक्ताबाईनं शिरा केला. सण ना वार, पण कारण कुणी विचारलं नाही.

तिचा आनंद फार टिकला नाही. सुलक्षणा रोज माप इवलंसं वाढवायची, बार झाला की आनंदरावांचा खांदा बघायची, नळी पुसायची, पुन्हा विचार करायची. आवाज टप्पचा ठप्प झाला, ठप्पचा धप्प झाला. आणि आनंदराव! घरात ज्यांना मीठ कमी आहे हे सांगायला दोन शब्द जड, ते या पोरीशी तास-तास बोलायचे. चाळीस वर्षांच्या बारांनी त्यांचा उजवा कान मंद झाला होता. बायकोनं चारदा हाक मारली तर एकदा ओ द्यायचे. सुनेचं मात्र डावा कान पुढं करून ऐकायचे. मुक्ताबाई स्वयंपाकघरातून हे सगळं बघायची. आपण सासू आहोत, सून लेकीसारखी आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे सगळं तिला कळत होतं. कळून उपयोग काय? हेवा वाटतोय तो वाटतोयच. एकदा सुलक्षणा सासऱ्याला सांगत होती, "मामा, ही नळी जुनीपेक्षा लांब हाय, तवा गजाचं असं हाय की..." त्यापुढचं मुक्ताबाईला ऐकायचंच नव्हतं. तिनं कढई चुलीवर आपटली. सुलक्षणानं आवाज चढवला, तशी तिनं कढई पुन्हा आपटली. मग खलबत्ता घेऊन शेंगदाण्याचं कूट करायला बसली, कूट डबाभर असताना.

घाव त्याच आठवड्यात बसला. सुलक्षणाचा त्या दिवशीचा बार चांगला झाला. मुक्ताबाई गोठ्यात वैरण टाकत होती. भिंतीपलीकडून आनंदरावांचा आवाज आला, खूश होऊन हसणारा.

"बास, जमलं! आता बार तुझा, खांदा माझा."

मुक्ताबाईच्या हातातली वैरणीची पेंढी तशीच राहिली. म्हशीनं ती ओढून घेतली तरी तिला कळलं नाही. करंड्यात जपलेलं एकच वाक्य, तेसुद्धा उचलून सुनेच्या हवाली केलं! चार दिवस सासूचे असतात आणि चार सुनेचे, हे तिलाही ठाऊक होतं. पण म्हणून सासूचे चार दिवससुद्धा काढून घ्यायचे? ती त्या रात्री जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

खैरमाळ वस्तीवर कणसाचा पहिला बार मानाचा असतो. कणसात दूध भरलं की एक दिवस धरतात. बंदूक एका घरची असली तरी राखण सगळ्यांच्या वावरांची, म्हणून घरटी एक माणूस बांधावर येतं. नारळ फोडतात, पहिली कणसं मोडून बंदुकीपुढं ठेवतात, आणि मग बार. अंगणातले ते टप्प-धप्प त्यात धरत नाहीत.

त्या दिवशी दुपारी सुलक्षणा न्हायला गेली होती आणि आनंदराव नारळ आणायला शिरूरच्या बाजारात. घरात मुक्ताबाई एकटी. बंदूक खुंटीला होती. ती तिच्याकडे बघत उभी राहिली. हात लावणार नाही असं तोंडानं म्हटलं होतं, हातानं नव्हे. तिनं बंदूक खाली घेतली. घोड्याखाली टोपी नव्हती. तिनं सवयीनं गज नळीत सोडला. टोक बरोबर तोंडाशी आलं.

रिकामी!

मुक्ताबाईला वाटलं, देवीच पावली. पोरगी विसरली बघ. एवढं झाकणानं मोजून, चकत्या कापून, मानाच्या दिवशी भरायची विसरली. तिनं पेटीचं कुलूप काढलं, शिंगाडी घेतली, तळहाताचा खळगा केला. जुना, खोल खळगा. पेटीच्या तळाशी एक हिरवं लुगडं होतं, लग्नातलं, त्याची चिंधी फाडली. गजानं ठासताना तिच्या दंडात पुन्हा तरुणपण आलं. शेवटी गज तोलून बघितला. चार बोटं वर. अगदी तस्सा, जसा चाळीस वर्षं राहत आला होता. बंदूक तिनं खुंटीला परत लावली. सुलक्षणा भरायला येईल तेव्हा सगळ्यांदेखत म्हणायचं, 'राहू दे, भरलीय मी.' आणि मग वस्तीला ऐकू दे, बार कशाला म्हणतात ते.

संध्याकाळी बांधावर माणसं जमली. दगडोबा आप्पा फेटा बांधून आले होते. शेजारची गिताबाई कणसं घेऊन आली. ही बाई तोंडानं फटकळ, पण घरची गोष्ट हिला सांगितली की हिच्यापाशीच राहायची. आनंदरावांनी नारळ फोडला. मुक्ताबाई बायकांत उभी राहून सुनेच्या हालचालीकडे डोळे लावून होती. आता बंदूक घेईल, आता झाकण काढील.

सुलक्षणानं बंदूक उचलली आणि सरळ सासऱ्याच्या हातात दिली. "भरलीय, मामा."

मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरलीय? कुणी भरलीय? हिनं गज घालून बघितला असणार, भरलेली दिसली असणार, आणि सासूचा बार स्वतःच्या नावावर खपवतेय! चोरटी! हवालदाराची लेक म्हणे! तिनं दात आवळले. होऊ दे बार. आवाज ऐकला की हे ओळखतील हात कुणाचा, आणि मग हिचं तोंड बघण्यासारखं होईल. आनंदरावांनी टोपी बसवली. चार पावलं पुढं गेले.

"कवा भरलीस गं पोरी?" गिताबाईनं सहज विचारलं.

"सकाळीच, आक्का. मामांच्या म्होरं. आज गडबड नको म्हणून न्हायच्या आधीच भरून ठिवली."

सकाळी. न्हायच्या आधी. मुक्ताबाईच्या डोळ्यांपुढं गजाचं ते टोक आलं, नळीच्या तोंडाशी बरोबर टेकलेलं. आणि कढईच्या आवाजात बुडवलेलं ते अर्धं बोलणं आलं. नळी लांब हाय, तवा गजाचं असं हाय की. लांब नळीत रिकामा गज आत बुडतो. तोंडाशी येतो तो भरलेल्या नळीत. तिनं भरलेल्या बंदुकीवर भरली होती. घट्ट, नव्या नळीत, सुनेच्या मापावर स्वतःचं जादा माप, दोन बोळ्यांखाली. आणि ती बंदूक आता आनंदरावांच्या गालाला लागत होती.

"आवं!" ती ओरडली. "आवं, थांबा!"

बांधावर सगळ्याच बायका कुणाला ना कुणाला 'आवं' म्हणत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि आनंदरावांचा मंद कान तिच्या बाजूला होता. त्यांनी घोडा मागं ओढला. मुक्ताबाई पळाली. चिखलात पाय रुतला, ती गुडघ्यावर पडली, आणि पडल्या पडल्या तिच्या तोंडातून जे निघालं ते तिनं जन्मात कधी उखाण्याबाहेर उच्चारलं नव्हतं.

"आनंदराव! ए आनंदराव!"

पोरांच्या शिट्ट्या थांबल्या. बायको नवऱ्याला नावानं हाक मारते, तीही अशी, हे खैरमाळ वस्तीनं ऐकलं नव्हतं. आनंदराव वळले. बोट चापावरून निघालं. त्यांना आधी वाटलं, साप चावला हिला.

"दाबू नगा," ती म्हणाली. "दोनदा भरलीय. म्या भरलीय वरनं. खाली ठिवा ती."

सुलक्षणानं पुढं होऊन सासऱ्याच्या हातून बंदूक काढून घेतली. घोडा जपून उतरवला, टोपी काढून फेकली. कळशीतलं पाणी नळीत ओतलं, बराच वेळ तसंच राहू दिलं. मग गजाच्या टोकाला बोळे ओढायचा स्क्रू लावून फिरवत राहिली. आधी हिरव्या लुगड्याची चिंधी बाहेर आली, ओली, काळी पडलेली. मग दारूचा चिखल आला, ओंजळभर. आणि त्याच्या मागून घोंगडीची गोल चकती. दोन्ही बोळे कणसांशेजारी पडले आणि ज्याला त्याला सगळं कळलं. दगडोबा आप्पांनी फेटा काढून हातात घेतला.

आनंदराव बांधावरच बसले. "मारायचा इचार व्हता का मला?" त्यांनी विचारलं. रागानं नव्हे, खरंच विचारलं.

"मला काय ठावं, गज खोटं बोलंल म्हणून?" मुक्ताबाई रडायला लागली. "हिच्यावर जळत व्हते मी. बार माझा व्हता. तुम्हीच म्हणला व्हता, बार तुझा, खांदा माझा. मंग हिला कशापायी म्हणला? त्येच हिला कशापायी दिलं?"

एवढ्या माणसांत हे बोलून झालं आणि तिला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. सुलक्षणा चिखलात तिच्याशेजारी बसली. "आत्या, महिनाभर मी जळत व्हते तुमच्यावर," ती म्हणाली. "किती माप बदललं, तरी जो तो म्हणायचा, पहिल्यासारखा आवाज न्हाई. रोज बार काढला की मी ह्या समद्यांची तोंडं बघायचे. तुम्हाला इचारावं म्हणलं, तर तुम्ही कढई आपटायच्या."

गिताबाईनं कपाळाला हात लावला. "जळताय तुम्ही दोघी एकमेकीवर, आन् भाजला असता आबा!"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, भीती गेल्यावर माणसं हसतात तसे. आनंदराव हसले नाहीत. ते चिंधीकडे बघत होते.

"ते माझं न्हाई काई," ते म्हणाले. "ते बोलणं माझं न्हाईच. बा म्हणायचा, आयला. बाची बंदूक आयच भरायची. रोज बार झाला की बा येऊन म्हणायचा, म्हाळसे, बार तुझा, खांदा माझा. मला वाटलं, बंदूक भरणारीला तसंच म्हणायचं असतं."

मुक्ताबाईचं रडणं थांबलं. पत्र्याची पेटी, लुगड्यांखालची शिंगाडी, आणि हंगामभर आपटलेली भांडी. सासू तिथंच होती, एका भिंतीपलीकडे, हात शाबूत असलेली. लेकाचा बार फुसका झाला त्या दिवशी तिनं वाट बघितली असेल, कुणीतरी येऊन म्हणेल की बाई, तू भर. आलं कोण, तर कालची पोर, आणि म्हणाली, शिंगाडी कुठं हाय? भाकरीचं नव्हतंच ते कधी. म्हाळसाबाईला जाऊन वीस वर्षं झाली होती. आता कुणापाशी जाऊन सांगणार?

नळी ओली झाली होती. त्या संध्याकाळी मानाचा बार झालाच नाही, आणि डुकरांना मानापानाशी देणंघेणं नसतं. उसात खुसफुस सुरू झाली तशी सगळी वस्ती डबे, घमेली, पत्रे घेऊन वावराच्या कडेनं उभी राहिली आणि बडवत सुटली. मुक्ताबाईनं घरून कढई आणली. महिनाभराचा सराव होता. तिच्याइतका आवाज कुणाच्याच पत्र्याचा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पेटी उघडली आणि शिंगाडी सुनेच्या पुढं ठेवली. "दाव मला," ती म्हणाली. "ह्या नळीला किती चालतं ते." सुलक्षणानं आधी रिकाम्या नळीत गज सोडला. तो आत बुडाला. मग झाकणानं दारू मोजून तिच्या तळहातावर ओतली. मुक्ताबाईनं तो ढीग डोळे मिटून तोलला, खळगा किती उथळ झाला ते बघितलं, पुन्हा तोलला. चाळीस वर्षांच्या हाताला हे थोडं वाटत होतं, पण तो हात जुन्या नळीचा होता, आणि जुनी नळी आता भंगारात होती. तिनं दारू नळीत सोडली. सुलक्षणा चकती घालायला लागली तसा तिनं तिचा हात धरला.

"लुगड्याचाच बोळा घाल. आवाज कापडानं भरतो, घोंगडीनं न्हाई. एवढं माझं ऐक."

ठासलं सुलक्षणानं. गजाचं टोक नळीच्या तोंडाशी आलं, तिथं दोघींनी बोट लावून बघितलं.

संध्याकाळी बार झाला आणि ओढ्यापलीकडची कुत्री केकाटत उठली. आनंदरावांनी खांदा चोळला. त्यांनी तोंड उघडलं, दोघींकडे बघितलं, आणि शहाणपणानं मिटून घेतलं. बांधावर दगडोबा आप्पा उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडले,

"हां! ह्याला म्हणायचं आबांचा बार!"

आनंदरावांची छाती जरा फुगली. सुलक्षणाचं तोंड एवढंसं झालं. ती सासूच्या कानाशी लागली. "आत्या, ऐकलंत का?"

"ऐकलं की," मुक्ताबाई कणसं पदरात भरत म्हणाली. "चाळीस वर्सं ऐकतीय. चल, तुला कढई देते."